आभाळी मोटार आणि माझा सत्कार

मी हुंडाविरोधी समितीचा तालुका चिटणीस असताना हुंड्यात मोटार घेतली, अशी आमच्या भागात सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत साफ खोटी, खोडसाळ आणि प्रतिगामी आहे! (म्हणजे अगदी पूर्ण खोटी नाही. पण ते पुढं येईलच.)

आम्ही वरवट बकालचे. त्या वर्षी कपाशीनं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चक्क दगा दिला नाही. पैसा हातात आल्यावर त्याचं काय करावं हे माणसाला सुचत नाही, तसं आबांना सुचेना. मग एके दिवशी जेवताना ते भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "मोटार घ्याची काय? जुनी. चांगली पाहून."

झालं! त्या क्षणापासून आमच्या घरात चार पक्ष स्थापन झाले.

"गाडी पेट्रोल पेनारी नोको," आबा म्हणाले. "निस्ता वास घेऊन चालनारी पाह्यजे."

"मले बाई त्यातलं काही समजत नाही," आई म्हणाली. (हे वाक्य ती हुकूम सोडण्याआधी म्हणते.) "पन आपन पाच जनं, वाटेत भेटले ते पाहुने, दोन पाट्या आंबे, न माही लोनच्याची बरनी मावली पाह्यजे. अन् बरनी उभी. आडवी नाही."

माझी बहीण कुसुम म्हणाली, "शेगावच्या ष्टँडवर थांबली, का लोकाईनं चहाचा कप तोंडापाशी तसाच धरून ठेवला पाह्यजे. नाहीतर मी बसत नाही."

धाकटा दिनू ट्रॅक्टर चालवायचा, म्हणून तो जन्मजात ड्रायव्हर. तो म्हणाला, "इतके साल यष्टीची धूळ आपन खाल्ली. आता यष्टीनं आपली खावी. बस!"

माझी स्वतःची भूमिका स्पष्ट होती. मोटार ही धनिकांची चूष आहे, असं मी माझ्या एका पत्रकात छापून मोकळा झालो होतो. पण सभेला सायकल दामटत, घामानं निथळत पोचलेल्या वक्त्याला लोक आधी पाणी देतात आणि मग सहानुभूती. त्याचं ऐकत कोणीच नाही! तेव्हा व्यापक हिताचा विचार करून मी मोटारीला पाठिंबा दिला आणि घराच्या वतीनं मागण्यांचा मसुदा तयार केला: वेगवान, देखणी, सोयीची, काटकसरी. खाली ठळक अक्षरांत: 'यातली एकही मागणी मागे घेतली जाणार नाही!'

आबांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "हे मले दाखवून राह्यला, का मोटारीले दाखवाचं हाये?"

आबांनी खामगावच्या बाजारात ज्याला त्याला सांगून ठेवलं, "आमच्या सुधाकरच्या घरी मोटार पाह्यजे, कोनाच्या नजरेत असली तर सांगजा." (सुधाकर म्हणजे मी.) वाक्य साधं होतं. पण वऱ्हाडात लग्नाचा मुलगा घरात असताना हे वाक्य बाजारात उच्चारायचं नसतं, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मी तर त्याच महिन्यात 'हुंडा घेणार नाही, घेऊ देणार नाही!' हे पत्रक त्याच बाजारात वाटून आलो होतो.

मग मोटारी पाहायला सुरुवात झाली. पहिली एका अडत्याची. अत्यंत काटकसरी! कारण ती चालतच नव्हती. आबांना ती मनापासून आवडली. "हिले खर्चच नाही," ते तिच्याभोवती फिरत म्हणाले. दिनूनं त्यांना हात धरून बाहेर आणलं.

दुसरी वेगवान होती. इतकी वेगवान, की दिनूला ती थांबवता येईना. शेवटी कडब्याच्या गंजीनं ती थांबवली. गंजीवाला आला, त्यानं आधी गंजीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाला, "उतरा आता. का मुक्काम कराचा हाये?"

तिसरी बिनटपाची, लाल, सिनेमातल्यासारखी. कुसुम तिच्यात बसली ती उतरेचना. आईनं एकच प्रश्न विचारला, "माहा पदर शेगावात उडला, तर मी तो घ्याले जलंबहून परत येऊ काय?"

चौथीत मात्र सगळं मावत होतं. आम्ही पाच, पाहुणे, आंबे, बरणी. ती पूर्वी भाड्याची जीप होती आणि तिच्यात चौदा माणसं बसायची सवय सीटला लागलेली होती. म्हणजे पाच बसले की सीट खाली यायचीच नाही आणि आमची डोकी वर छताला! एका फेरीत आबांची टोपी कानांपर्यंत खाली आली.

आम्ही हताश झालो होतो, तेवढ्यात खामगावहून निरोप आला. नानासाहेब नावाचे एक जिनवाले, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचे मालक, आमच्याच नात्यागोत्यातले, पण लांबचे. त्यांच्याकडे मोटार आहे, येऊन पाहा.

पाहिली. काय सांगू! आभाळी रंग. पुढं बॉनेटवर चांदीसारखी पट्टी. डिक्की अशी, की बरणी उभी राहून वर तिला डुलायलाही जागा. नानासाहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, पेट्रोल कमी खाते. दिनूनं इंजिनाचा आवाज ऐकून डोळे मिटले, जसे लोक भजनात मिटतात. चारही मागण्या मान्य!

नानासाहेब आबांना म्हणाले, "तुम्ही न धाकले, दोघं एक चक्कर मारून या. ड्रायवर संगं हाये. आम्ही सुधाकररावासंगं बोलतो." आबाही जाताना माझ्या कानात म्हणाले, "भावाचं तूच बोल. तुले तशीही बोलाची हौस हाये."

मोटार अंगणातून बाहेर पडली. एक मुलगी चहा ठेवून गेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण मी मनात भाषणाची जुळवाजुळव करत होतो. जाताना ती माझ्याकडे नाही, फाटकातून दूर जाणाऱ्या मोटारीकडे पाहत गेली, एवढं आठवतं.

नानासाहेबांनी भाव सांगितला. मी उसळलो! "नानासाहेब, आम्ही विचारतो, शेतकऱ्याच्या कापसाला मातीमोल भाव द्यायचा आणि जुन्या मोटारीला सोन्याचा मागायचा, हा कुठला न्याय?"

नानासाहेबांनी हसून भाव उतरवला.

मला हुरूप आला. मी दलालांच्या साखळीवर घसरलो. भाव आणखी खाली! मी सावकारशाहीवर आलो. आणखी खाली! मला स्वतःच्या वाणीची भीती वाटायला लागली. साम्राज्यशाहीपर्यंत पोचलो असतो, तर मोटार फुकट पडली असती आणि वर त्यांनाच काही द्यावं लागलं असतं, म्हणून मी थांबलो.

"अन् हुंड्याबद्दल तुमचं मत पक्कंच हाये ना?" त्यांनी विचारलं.

"पक्कं! एक पैसा घेणार नाही! जाहीर सांगतो!"

नानासाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारातून त्यांच्या मंडळी आल्या, मागं चार बाया. पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी. मला बसवलं, कपाळाला टिळा लावला, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, हातात नारळ आणि पेढे.

आता वाचकांनी मला मूर्ख म्हणण्याआधी माझी बाजू ऐकावी. मी चळवळीतला माणूस. गावोगावच्या सभांत मला पाटावर बसवून, टिळा लावून, नारळ देऊन कितीदा गौरवलं होतं! (कितीदा म्हणजे दोनदा. एकदा नारळ परत घेतला होता, पुढच्या वक्त्यासाठी.) टिळा, टोपी आणि नारळ दिसला की माझ्यासारख्याच्या मनात एकच गोष्ट येते. आपला सत्कार! एका जिनवाल्याच्या घरात हुंडाविरोधी कार्यकर्त्याचा सत्कार! समाज बदलतो आहे, असं वाटून मला भरून आलं.

आणि सत्काराला उत्तर द्यायचं असतं. मी उभा राहिलो. नारळ छातीशी धरून आभाराचं भाषण केलं! नानासाहेबांच्या मंडळींनी पदरानं डोळे पुसले. माझ्या भाषणानं कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आबा आणि दिनू परत आले, तर मी टोपी-उपरण्यात.

"हे काय बे?" आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"सत्कार केला, आबा."

"काऊन?"

"माझ्या विचारांसाठी."

आबांनी माझ्या टिळ्यापासून उपरण्यापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "मोठ्या लोकायचं काही सांगता येत नाही." आणि मी सांगितलेला भाव ऐकल्यावर तर त्यांनी पैसे इतक्या झपाट्यानं मोजून दिले, की विचार करायला त्यांना सवडच मिळाली नाही.

मोटार वरवटला आली. आईनं बॉनेटला हळदी-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शेजारच्या शकुकाकू फाटकात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या कपाळावरचा टिळा अजून ओला होता.

"पोट्टी कुठची?" काकूंनी विचारलं.

"मुलगी नाही काकू, मोटार आहे."

"मोटार दिसून राह्यली मले. आंधळी नाही मी. पोट्टी कुठची?"

"अहो, विकत घेतली आहे!"

"पोट्टी?"

"मोटार!"

"हाव, हाव," काकू म्हणाल्या आणि सगळ्या गावाला सांगायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं माझी दाढी केल्यावर पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आता संगंच घेईन, लग्नात." किराणा दुकानदारानं विचारलं, "मोटारीसंगं अजून काय काय हाये?" मी चिडून म्हणालो, "स्टेपनी!" तर त्यानं अंगठी ऐकल्यासारखी मान डोलावली.

शेवटी समितीची बैठक बसली. अध्यक्ष अण्णाजी म्हणजे करडे गृहस्थ. त्यांच्यापुढं खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. माझ्यावर तर खरं बोलायची वेळ आली होती, ते जास्त अवघड.

"चिटणीस, मोटार कोणाची?"

"आमची. रोख विकत घेतली."

"कितीले?"

मी अभिमानानं भाव सांगितला. मग कोणीतरी मागून म्हणालं, "येवढ्यात तं सायकल येते. तेबी बिनघंटीची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जितका भाव पाडला तितका मी गुन्हेगार ठरत होतो! मी ओरडलो, "मी भाषण करून भाव उतरवला!"

अण्णाजी अगदी शांतपणे म्हणाले, "सुधाकरराव, तुमचे भाषणं मी सुरुवातीपासून ऐकून राह्यलो. त्यानं भाव उतरत नाही. त्यानं लोकं उतरतात, ओट्यावरून."

ठराव झाला. देऊळघाटच्या जाहीर सभेत मी खुलासा करायचा. लोकांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर चिटणीसपद सोडायचं. माझं पद म्हणजे माझं सर्वस्व होतं. मी तडक छापखान्यात गेलो आणि पत्रक काढलं: 'मी हुंड्यात मोटार घेतलेली नाही!' ज्या गावांना ही बातमी ठाऊकच नव्हती, त्या सर्व गावांना ती या पत्रकानं कळवली.

देऊळघाट आईचं माहेर. त्यामुळे सभा माझी असली तरी निघाले सगळेच. आबा पुढं, दिनू चाकावर, मागं आई, कुसुम आणि मी, डिक्कीत आंबे आणि उभी बरणी. शेगावच्या स्टँडवर कुसुमनं मुद्दाम गाडी थांबवायला लावली. तिथं एका माणसानं खरंच चहाचा कप तोंडापाशी धरून ठेवला! कुसुमला कृतार्थ वाटलं. शेगाव सुटल्यावर दिनूनं यष्टीला मागं टाकलं. आबांनी पेट्रोलचा काटा पाहून दोन्ही हात जोडले. इतकं सुखी कुटुंब मी पुन्हा पाहिलेलं नाही.

खामगावात शिरलो, तर रस्त्यात नानासाहेब हात आडवा करून उभे! "असं कसं दारावरून जाता? पाच मिंटं तरी थांबा." घरात नेलं. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर गुरुजी, गुरुजींच्या मांडीवर पंचांग.

"मंग," नानासाहेब आबांना म्हणाले, "तीथ कवाची धराची?"

"कशाची तीथ?" आबा.

"लग्नाची नं बावा! आमच्या विमलच्या न सुधाकररावाच्या. टिळा तं झालाच हाये."

मी ओरडलो, "टिळा? तो सत्कार होता!"

"सत्कार?" नानासाहेबांच्या मंडळी म्हणाल्या. "आमच्या घरी टिळा लावून, टोपी घालून कोनाचा सत्कार करते जी? जावयाचाच नं!"

"पण मी तर हुंडा घेणार नाही, असं बोललो होतो!"

"हाव तं!" नानासाहेब खूश होऊन म्हणाले. "म्हनूनच तं मी ओळखलं. पोट्टं हुंडा नोको म्हनते न बाजारात मोटार शोधते, म्हंजे पोट्टं शिकेल हाये! सरळ मांगत नाही. मंग मीबी सरळ देल्ली नाही. भाव पाडून देल्ली. तुमचंबी तत्त्व राह्यलं, माहीबी इज्जत राह्यली."

म्हणजे माझं भाषण! माझी दलालशाही, माझी सावकारशाही! प्रत्येक वाक्याला भाव उतरत होता तो माझ्या वाणीनं नाही. जावई म्हणून!

मी उभा राहिलो. "नानासाहेब, ही मोटार मी आत्ता, याच क्षणी परत करतो! तुम्ही आमचे पैसे परत करा!"

आणि मग माझ्याच घरानं माझ्याविरुद्ध बंड केलं.

"परत?" कुसुम किंचाळली. "शेगाववाला कप धरून उभा होता, पाह्यलं नाही काय तू?"

दिनूनं किल्ली मुठीत दाबली. "दादा, तू तुह्यं तत्त्व परत कर. गाडी राहू दे."

आबा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "हे पाय सुध्या, उरलेला भाव देऊन टाकू. मंग तं झालं ना चोख?" हा तोडगा इतका सरळ, इतका शहाणपणाचा होता, की मला तो पटूच शकला नाही. मला सभेत सांगायला त्याग हवा होता, हिशेब नको होता! "नाही आबा, जनतेला स्वच्छ उत्तर द्यायचं आहे."

तेवढ्यात आतून तीच मुलगी, विमल, बाहेर आली. दिनूच्या मुठीतून किल्ली तिनं अशी काढून घेतली, जशी आपली वस्तू आपण शेजाऱ्याकडून घेतो.

"बरं झालं आनली परत," ती म्हणाली. "माह्या बाबानं मले न इचारता देली होती. मी चालवाले शिकून राह्यली होती तिच्यावर."

मी जरा नरमून, शिष्टाचार म्हणून म्हणालो, "तुमचा काही अपमान झाला असेल तर..."

"माहा कायचा अपमान?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही तं मले भाषन चालू असतानीच नोको वाटले होते."

नानासाहेबांनी पैसे मोजून परत केले आणि आम्ही यष्टीनं देऊळघाटला निघालो. आंब्याच्या पाट्या टपावर आणि बरणी आईच्या मांडीवर. बोथ्याच्या घाटात प्रत्येक वळणाला आई बरणीला मिठी मारायची आणि माझ्याकडे पाहायची. त्या नजरेपुढं माझी सगळी पत्रकं फिकी!

पण सभा! सभा मी जिंकली. ओट्यावर उभा राहून मी गरजलो, "बंधू-भगिनींनो, दारात उभी असलेली, देखणी, वेगवान, विनाखर्चाची मोटार मी तत्त्वासाठी लाथाडली! आज मी तुमच्यापुढं यष्टीनं आलो आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णाजींनी स्वतः उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. चिटणीसपद वाचलं!

टाळ्या थांबल्यावर मागून एक भारदस्त पागोटेवाले उठले. "एक इचारू काय, सुधाकरराव?"

"विचारा! निःसंकोच विचारा!"

"जुनी होती म्हनून परत केली नं? आता नव्वीच पाह्यजे असन?"

मी "नाही" म्हणालो. मी शपथ घेतली. मी टेबलावर हात आपटला. पण सभा संपल्यावर ओट्याखाली मुलींचे बाप उभे होते, आणि ते मला कोपऱ्यात घेऊन, आवाज खाली करून, रंग विचारत होते! एकानं तर "काळी चालन काय? पांढरी मळते," असं आपुलकीनं सांगितलं. पुढच्या बाजारापर्यंत ही बातमी तालुकाभर झाली: वरवटच्या सुधाकररावांनी जुनी मोटार फेकून दिली, नव्या मोटारीच्या खाली आता कोणी बोलूच नये. आमच्या गावातल्या एका मॅट्रिक नापास मुलाच्या बापानं हे ऐकून आपल्या पोराच्या हुंड्यात सायकल होती, तिथं मोटारसायकल केली. "चिटनीसालेच नव्वी मोटार पाह्यजे," तो म्हणाला, "तं आमच्या पोट्ट्यानं काय घोडं मारलं?"

समितीची तातडीची बैठक बसली. अण्णाजींनी जड मनानं ठराव मांडला, की जोवर चिटणीस अविवाहित आहेत तोवर तालुक्यातल्या नवरदेवांचे भाव खाली येण्याची शक्यता दिसत नाही. सबब त्यांनी विनाविलंब लग्न करावं, अथवा राजीनामा द्यावा. ठराव एकमतानं मंजूर झाला. (ते एक मत माझंही होतं. सवयीनं हात वर गेला.)

मी राजीनामा दिला. लग्नाचा मार्ग मला मोकळा नव्हता. त्यानंतर आमच्याकडे एकही स्थळ आलेलं नाही. मुलींचे बाप म्हणतात, सुधाकरराव माणूस चांगला आहे, विचारांचा आहे, हुंडा तर अजिबातच घेत नाही. पण येवढा महाग जावई आपल्याला परवडायचा नाही.